गळ घेण्याआधी पाणी बघा

गळाच्या मासेमारीची हौस लागली की माणूस पहिल्यांदा दुकान गाठतो. कोणता रॉड घेऊ, कोणतं रीळ चांगलं, हे त्याचे पहिले प्रश्न. बीदर, भालकी, हुमनाबादकडच्या तळ्यांच्या बांधावर बसणाऱ्या जुन्या माणसांना हेच विचारलं तर ती उलट विचारतात, "कुठल्या पाण्यावर बसणार?" सगळी विद्या या उलट प्रश्नात आहे, असं माझं ठाम मत आहे. सामान ठरतं ते पाण्यावरून, त्या पाण्यातल्या माशावरून आणि त्या माशाच्या तोंडावरून. दुकानाचा नंबर सगळ्यात शेवटी.

तेव्हा आधी पाणी. बीदर आणि त्याच्या जवळच्या कोळारचा पट्टा लाल जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. पठाराच्या कडेने खाली उतरलं की काळी रेगड सुरू होते. इथं पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. बीदर, भालकी, औरादकडचं बहुतेक पाणी कारंजा आणि मांजरेतून गोदावरीला मिळतं. बसवकल्याणच्या बाजूचं बरंचसं पाणी मुल्लामारीतून कागिण्यात, कागिण्यातून भीमेत आणि शेवटी कृष्णेत जातं. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरवरून बीदर जिल्ह्यात येते, पुढं तेलंगणात निजामसागराच्या धरणात अडते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. निजामसागर १९३१ साली पुरा झाला. पावसाळ्यात अंडी घालायला खालून वर चढणाऱ्या माशांची वाट तेव्हापासून बंद आहे. आज वरच्या पाण्यात कोणता मासा मिळतो आणि कोणता मिळत नाही, याचा बराच खुलासा या एका भिंतीत आहे.

गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने इथं तीन तऱ्हेची पाणी आहेत. एक, भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदी अडवून झालेल्या धरणासारखा मोठा जलाशय. त्याचा फुगवटा रुंद, उथळ आणि वाऱ्याला मोकळा. दोन, गावतळी आणि लहान पाटबंधारे तलाव. बांध मातीचा, काठाला पाणकणीस आणि बेशरमीची झुडपं, पाणी बहुधा गढूळ. तीन, मांजरेचे डोह आणि बंधाऱ्यांमागं साठलेलं पाणी. या तिन्हींना एकच काठी चालत नाही.

आता मासा. कटला, रोहू आणि मृगळ हे इथले मुख्य मासे. ते वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. म्हणून गावतळ्यातला कटला कुणीतरी बोटुकली विकत आणून सोडलेला असतो. ती बोटुकली मिळू लागली त्यामागं मोठं संशोधन आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. त्याआधी पुराच्या पाण्यातून मत्स्यजिरे गोळा करावे लागत आणि त्यात नको त्या जातीही भेसळून येत. १० जुलै हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कामासाठी.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तळ्यात मासे कुणाच्या तरी पैशाने सोडलेले आहेत, आणि तळ्याचा मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यामुळे बांधावर बसण्याआधी विचारायचं, पैसे ठरवायचे, किती मासे नेता येतील ते ठरवायचं. पाणी सरकारी आहे म्हणून मासाही कुणाचा नाही, असं समजून बसणाऱ्यांमुळेच तळ्यांवर गळवाल्यांना बंदी होते. विचारून बसलेल्या माणसाला तिथली माणसं आपण होऊन सांगतात की मागच्या महिन्यात जाळ्यात काय आलं, खोल पाणी कुठं आहे, बुडलेली बाभूळ कुठं आहे. ही माहिती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. खालचा जबडा पुढं आलेला, डोकं मोठं, मिशा नाहीत. तो वरच्या थरातले पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. रोहूचं तोंड लहान, ओठ जाड आणि झालरीचे, तो मधल्या थरात फिरतो. मृगळचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. एवढं कळलं की अर्धं सामान ठरलं. मृगळसाठी शिसं तळाला टेकलं पाहिजे. रोहूसाठी तरंगा असा बांधायचा की आमिष तळाच्या वीतभर वर लोंबेल. कटल्यासाठी आमिष पाण्यात विरघळून त्याचा धुरळा झाला पाहिजे, कारण तो घास तोडत नाही, पाणी ओढून घेतो. कटल्याला कणकेची घट्ट गोळी लावून दिवसभर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या धीराचं मला कौतुक वाटतं, पण कटला त्या गोळीकडं फारसा वळत नाही.

गळाचे नंबर नव्या माणसाला चकवतात. आकडा वाढला की गळ लहान होतो. १२ नंबर बारीक, ६ नंबर मध्यम, १ नंबर मोठा. त्यानंतर एकावर शून्य, दोनावर शून्य अशी उलटी चढण सुरू होते आणि तिथं आकड्याबरोबर गळही वाढतो. आपल्या तळ्यांवर चिलापीला १० ते १२ नंबर, रोहू-मृगळला ४ ते ८, मरळ आणि शिंगाळ्याला एकावर शून्य ते तीनावर शून्य, एवढा संच पुरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते गळावर करावेत. नॉर्वेतली मस्टाड कंपनी १८७७ पासून गळ बनवते आणि तिचे गळ आपल्याकडं सर्रास मिळतात. दुसऱ्या चांगल्या कंपन्याही आहेत. धार बघायची रीत सोपी आहे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढायचं. टोक नखात रुतून अडकलं तर गळ चांगला. नुसतं घसरलं तर तो माशाच्या तोंडातूनही घसरणार. दगडावर घासलेला गळ बारीक कानशीने परत धारेवर आणता येतो.

दोरीबद्दल लोकांचा कल जाडीकडं असतो, कारण तुटण्याची भीती. पण जाड दोरी पाण्यात दिसते, लांब जात नाही आणि रिळावर गुंडाळ्या होऊन बसते. साध्या नायलॉनची ०.३० ते ०.३५ मिलिमीटरची दोरी साधारण ६ ते ९ किलोचा ताण घेते आणि आपल्या तळ्यांना ती भरपूर होते. विणलेली दोरी त्याच जाडीत कितीतरी जास्त ताण घेते, पण ती ताणली जात नाही. नायलॉन ताणलं जातं, माशाचा झटका स्वतःत जिरवतं. नवशिक्याने नायलॉनच घ्यावं. विणलेली दोरी ठेवावी ती पाणवनस्पतींच्या जाळीत मरळ खेळवण्यासाठी, कारण तिथं झटका जिरवायला वेळच नसतो. मासा मुळांत शिरायच्या आत बाहेर ओढावा लागतो.

दोरी बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, गाठीत तुटते. म्हणून एक गाठ नीट शिकावी, दहा शिकू नयेत. दोरीचं टोक गळाच्या डोळ्यातून आत घ्यायचं. मूळ दोरीभोवती पाच वेढे द्यायचे. टोक मागं आणून डोळ्यालगतच्या पहिल्या फटीतून काढायचं. त्याने जो मोठा फासा होतो त्यातून ते पुन्हा ओवायचं. आता घाई करायची नाही. गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करायची आणि मग मूळ दोरी सावकाश ओढायची. वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसताना दिसतात. कोरडी गाठ ओढली की नायलॉन घासून तापतं, पांढुरकं होतं आणि तिथंच कच्चं पडतं. पांढरेपणा दिसला की गाठ कापून टाकायची आणि परत बांधायची. हे काम घरी उजेडात करावं. बांधावर पहाटेच्या अंधारात, बोटं गारठलेली असताना, ते धड होत नाही.

काठीचं म्हणाल तर गावतळ्याला वाळलेला बांबू आजही उत्तम आहे. दहा-बारा फुटांचा, सावलीत वाळवलेला, शेंड्याकडं बारीक होत गेलेला. दोरी काठीइतकीच लांब, शेंड्याला बांधलेली. रीळ नाही, काही नाही. चिलापी, लहान रोहू आणि पाणकणसाच्या फटीत आमिष अलगद उतरवणं या कामात त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८७ साली भारतातल्या तळ्यांवरच्या गळ मासेमारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे विलायती रॉड आपल्या तळ्यांवर येऊन सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, तरी बांबू मागं पडला नाही.

कारंजासारख्या जलाशयावर मात्र रीळ हवं. तिथं काठाजवळ पाणी गुडघाभर असतं आणि आमिष चाळीस-पन्नास पावलं लांब टाकावं लागतं. आठ-नऊ फुटांचा रॉड, मध्यम आकाराचं रीळ, त्यावर निदान दीडशे मीटर दोरी. रिळाची किंमत किती यापेक्षा त्याचा ड्रॅग नीट चालतो का हे बघा. ड्रॅग म्हणजे ठराविक ताण आला की रिळाने आपण होऊन दोरी सोडण्याची सोय. तो दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा एवढा लावायचा. ६ किलोच्या दोरीला दीड ते दोन किलो. अंदाजाने लावू नका. दोरीचं टोक स्प्रिंगच्या ताणकाट्याला अडकवा, रॉड वाकवून ओढा आणि काट्यावर आकडा बघा. मोठा कटला लागला की पहिल्या दौडीत तो सरळ खोल पाण्याकडं जातो. त्या वेळी हँडल फिरवायचं नाही. रॉड उभा धरायचा आणि रिळाला बोलू द्यायचं. तो थांबला, दोरीत जडपणा राहिला पण ओढ कमी झाली, की रॉड हळूहळू वर उचलायचा आणि शेंडा खाली आणताना दोरी गुंडाळायची. काठ दिसला की कटला पुन्हा एकदा उसळतो. बहुतेक मासे सुटतात ते याच क्षणी, कारण माणसाने हात आवळलेला असतो. दांड्याचं जाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवावं आणि मासा त्यावर आणावा. जाळं घेऊन माशामागं धावू नये.

तरंगा मोरपिसाच्या दांडीचा सगळ्यात चांगला. हलका, सरळ आणि माशाने नुसतं नाक लावलं तरी सांगणारा. ज्वारीच्या वाळल्या धाटाचा बोटभर तुकडाही काम देतो, फक्त पाणी पिऊन जड झाला की बदलायचा. तरंग्याला शिसं इतकंच लावायचं की त्याचा शेंडा तेवढा वर राहील. पोटभर वर तरंगणारा तरंगा रोहूला ओढायला जड जातो आणि तो आमिष सोडून देतो. शिसं विषारी आहे हेही ध्यानात ठेवावं. ते दातांनी चावून दाबायची सवय अनेकांना आहे, ती सोडावी, छोटी पक्कड ठेवावी. ब्रिटनमध्ये शिशाची बारीक वजनं गिळून हंस मरू लागले तेव्हा १९८७ पासून तिथं त्यांवर बंदी आली. आपल्या तळ्यांवरही हिवाळ्यात बदकं तळाचा गाळ चाळतात.

चाऱ्याबद्दल प्रत्येकाकडं एक गुपित असतं. मला वाटतं गुपितापेक्षा त्यामागचं कारण कळणं महत्त्वाचं. काळ्या रेगडीतून आलेलं पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहतं, कारण चिकणमातीचे कण फार बारीक असतात आणि लवकर खाली बसत नाहीत. अशा पाण्यात मासा डोळ्यांनी खाणं शोधत नाही, वासाने आणि चवीने शोधतो. माशाला चव फक्त जिभेवर कळते असंही नाही. ओठ, मिशा यांवरही चवीच्या पेशी असतात, आणि शिंगाळा, मागूर यांसारख्या मिशाळ माशांच्या तर सगळ्या अंगावर असतात. म्हणून आंबवलेली पेंड चालते. शेंगदाण्याची किंवा करडीची पेंड तव्यावर भाजून कुटायची, तांदळाचा कोंडा मिसळायचा, थोडा गूळ घालायचा आणि ओलं करून फडक्यात बांधून रात्रभर ठेवायचं. सकाळी आंबूस वास सुटला की तयार.

पीठ कोणतं, हा प्रश्न इथं फार कामाचा आहे. गव्हाच्या कणकेत चिकटपणा देणारं ग्लूटेन असतं. तिची गोळी गळाला धरून राहते, म्हणून ती रोहू-मृगळला. जोंधळ्याच्या पिठात ग्लूटेन नसतं. त्याची गोळी पाण्यात पडली की फुटते, कण वर-खाली पसरतात. कटल्याला हेच हवं. म्हणून कटल्यासाठी पेंड आणि जोंधळ्याचं पीठ एकत्र करून लिंबाएवढा गोळा तारेच्या स्प्रिंगवर दाबायचा आणि त्याभोवती बोटभर दोऱ्यांना बांधलेले चार-पाच बारीक गळ त्या गोळ्यातच खोवायचे. गोळा विरघळतो, कटला ते धुरकट पाणी ओढतो आणि त्याबरोबर एखादा गळ आत जातो. आपल्या भागात जोंधळ्याची कमी नाही, तेव्हा महागडे तयार चारे घ्यायची गरज पडत नाही. चारा टाकताना हात आवरावा. पोट भरलेला मासा गळाकडं वळत नाही, आणि उरलेली पेंड तळाला कुजून पाणी खराब करते.

मरळची गोष्ट निराळी आहे. ही शिकारी जात, आणि हैदराबादपासून सोलापूरपर्यंत तिला भाव आहे. मरळला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे आणि तिला तो घ्यावाच लागतो. म्हणून ती ठराविक वेळाने वर येते आणि पाण्यावर एक टपकन फुटणारा बुडबुडा सोडते. शेवाळाच्या कडेला, कमळाच्या पानांमध्ये असा बुडबुडा दोनदा एकाच जागी दिसला की तिथं मरळ आहे. पूर्वी जिवंत बेडूक लावत. आता पोकळ रबरी बेडूक मिळतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून ओढला तरी अडकत नाही आणि मरळने तोंडात दाबला की टोकं बाहेर येतात. तोच वापरावा. बेडूक शेताच्या कामाचा जीव आहे. रबरी बेडूक पानावर टाकायचा, थोडा थांबवायचा, पाण्यात टुपकन उतरवायचा. पाणी फाटल्यासारखा आवाज होतो. लगेच झटका दिला तर बेडूक रिकामा हातात येतो. दोन अंक मनात मोजायचे, दोरी तणाणली की मग झटका.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा वर-खाली होताना दिसतो आणि त्याखाली मरळची जोडी राखण करत असते. अशा वेळी बेडूक टाकला की ती हमखास झडप घालते, भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. ती जोडी काढली की तो गोळा चिलापी आणि बगळे तासाभरात संपवतात. सोपी शिकार म्हणून हे करणारे आहेत. मला ते बघवत नाही.

वेळेचा विचार करताना सगळे पहाट म्हणतात. हिवाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ते बरोबरही आहे. उन्हाळ्यात गावतळ्यावर मात्र पहाट फसवते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही श्वास घेतात. म्हणून प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो सूर्योदयाच्या आधी. मे महिन्यात पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून दिसतात, ते खाण्यासाठी आलेले नसतात, गुदमरलेले असतात. तेव्हा कटला-रोहूला गळ टाकून उपयोग नाही. ऊन चढून दोन तास झाले की ते हलू लागतात. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेतात, त्यांना ही अडचण नसते.

वारा मोठ्या जलाशयावर घड्याळापेक्षा महत्त्वाचा. एकाच बाजूने दोन दिवस वारा सुटला की वरचं ऊबदार पाणी आणि त्यातले बारीक जीव समोरच्या काठाकडं जमतात. कटला त्यांच्यामागं जातो. त्यामुळे वारा तोंडावर घेऊन बसावं लागतं. फेक जवळ पडते, डोळ्यांत धूळ जाते, तरी तिकडंच. पौष-माघात बीदरच्या पठारावर चांगली थंडी पडते. त्या दिवसांत माशांची भूक मंदावते. चारा निम्मा करावा, गळ एक नंबर बारीक घ्यावा आणि दुपारी बसावं.

बांधावर चालणं हीसुद्धा एक विद्या आहे. रोहू, कटला, शिंगाळा यांच्या गटात वाताशय आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. त्यामुळे त्यांना काठावरची धपधप फार लांबून कळते. मोटारसायकल बांधाच्या टोकाला लावा. मोबाइलवरच्या गाण्यापेक्षा टाच आपटून चालणं जास्त नुकसान करतं.

माझ्या मते जलाशयावरचं सगळ्यात मोलाचं काम गळाशिवाय करायचं असतं. वैशाखात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या पात्रातून हिंडा. बुडितात गेलेला जुना रस्ता, मोरी, विहिरीचा कठडा, बाभळीची खोडं, जुन्या ओढ्याची खोलगट वाट, हे सगळं दिसतं. काठावरच्या एखाद्या देवळाशी, विजेच्या खांबाशी त्याची रेघ जुळवून वहीत काढून ठेवा. दिवाळीत त्यावर दहा-पंधरा फूट पाणी असतं आणि मासे त्याच ओढ्याच्या वाटेने, त्याच मोरीच्या आडोशाला फिरत असतात. कुठं टाकायचं आणि कुठं दोरी अडकेल, हे ज्याला माहीत आहे त्याला साधी काठीही पुरते.

हिंडताना रेगडीचा गाळ सांभाळा. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली मांडीभर मऊ असतो. एकट्याने जाऊ नये, हातात लांब काठी असावी. पाय रुतलाच तर उभ्याने ओढाताण करू नये. मागं टेकून बसावं, अंगाचा भार पसरावा आणि एकेक पाय सावकाश सोडवावा. आणखी एक धोका नव्या सामानामुळे आला आहे. कार्बनचे रॉड विजेचे चांगले वाहक असतात. फुगवट्याच्या कडेने शेतकऱ्यांच्या मोटारींच्या तारा गेलेल्या असतात, कित्येक ठिकाणी लोंबलेल्या. नऊ फुटांचा रॉड आणि वर उचललेले हात मिळून तारेपर्यंत सहज पोचतात. फेकण्याआधी मान वर करून बघायचं. रॉड खांद्यावर उभा धरून चालायचं नाही, आडवा धरायचा. ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जायचं. मागूर, शिंगी, शिंगाळा यांचे काटे लागले तर फार ठणकतं. सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना उतरते. जखम खोल असेल तर दवाखाना गाठावा.

शिकारीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण निजामाच्या अमलात या मुलखात तळ्यावरच्या बदकांची आणि माळावरच्या काळविटांची शिकार ही मोठी हौस होती आणि तिच्या गोष्टी घराघरांत आहेत. त्या गोष्टी ऐकाव्यात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट बंद केली आहे आणि ते योग्यच झालं. शिकारीत नुसतं मारणं येत नाही. पकडणं, सापळा लावणं, अंडी-घरटी बिघडवणं हेही त्यातच येतं. तळ्यातलं कासव गळाला लागलं तर ते घरी नेणं हा गुन्हा आहे. दोरी जितकी जवळून कापता येईल तितकी कापून त्याला सोडावं. कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं. चंद्रंपळ्ळीचं सुंदर धरण त्याच्याच हद्दीत येतं. तिथं परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं तर १८९७ च्या मत्स्यपालन कायद्यापासून गुन्हा आहे. पावसाळ्यात विणीच्या काळात बंदी असते. तिच्या तारखा जिल्ह्याच्या मत्स्यखात्यात विचाराव्यात. तुटलेली नायलॉनची दोरी बांधावर टाकू नये. ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्या-ढोकऱ्यांच्या पायांना फास बसतो. खिशात गुंडाळून घरी न्यावी आणि बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावी.

मासा खायचा असेल तर पाण्याची पारखही करावी. बीदरजवळ कोळारला औद्योगिक वसाहत आहे. अशा कुठल्याही वसाहतीच्या किंवा शहराच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाला धरलेला मासा घरी नेऊ नये, कितीही मोठा असला तरी. नेणार असाल तर पकडल्यावर लगेच डोक्यावर एक घाव घालून मारावा, कल्ले कापून रक्त जाऊ द्यावं आणि बर्फात ठेवावा. उन्हाळ्यात पिशवीत तडफडत ठेवलेला कटला दोन तासांत मऊ पडतो आणि त्याची चव जाते. सोडून द्यायचा असेल तर हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. ओठाला लागलेला गळ पक्कडीने उलटा फिरवून काढावा. घशात गेला असेल तर ओढू नये, दोरी कापावी. एकाच माशाला ही सवलत नाही, तो म्हणजे थाई मागूर. आफ्रिकेतून आलेला हा मिशाळ मासा बाकीच्यांची पिल्लं फस्त करतो, आणि त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. तळ्यातून सुटून तो ओढ्यात आणि ओढ्यातून मांजरेत पोचतो. तो गळाला लागला तर कितीही लहान असो, परत पाण्यात टाकू नका.